वरचा एक

बाबगोंडा आवटींनी मरताना
खात्यात नेमके दहा लाख एक ठेवले.
मी पासबुक तीनदा वाचलं.
चाळीस वर्षं त्यांच्या पेढीच्या वह्या ओढल्या,
मला वाटलं, व्याजाची काहीतरी गफलत.
गफलत नव्हती. आदल्या आठवड्यात
गणपती पेठेतल्या बँकेत रांगेत उभं राहून
स्लिप भरून
त्यांनी एक रुपया जमा केला होता.
कॅशियर पोरगी हसली म्हणे.

थोरला म्हणाला, दिवाणजी, निम्मे निम्मे.
धाकटा म्हणाला, निम्मे निम्मे.
इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झालं
ते ह्या शब्दावर.

नुसते दहा लाख असते तर
भिजल्या हळकुंडासारखा मऊ आकडा.
आत फक्त दोन आणि पाच,
दोन आणि पाच, सहा-सहा वेळा,
बाकी मालच नाही.
दोन भावांत वाटा, पाच पुतण्यांत,
सोळा हमालांत, चौसष्ट देणेकऱ्यांत,
एकोणपन्नास तऱ्हांनी
बिनबोभाट तुटतो.

त्याच्यावर हा एक,
अहेराच्या पाकिटाला चिकटवलेला.

रात्री मार्केट यार्डात शटर अर्धं ओढून
तोलपावत्यांच्या पाठीवर भागाकार मांडले.
तिनानं भागलं, उरले दोन.
सातानं, दोन.
नवानं, दोन.
अकरानं, तेरानं, दोन, दोन.
सतरानं दहा उरले तेव्हा जरा बरं वाटलं.
सदतीसनं पुन्हा दोन,
तेच दोघं,
प्रत्येक दारातून तोंड पाडून परत येणारे.

हरिपुरात पेवं होती तेव्हा
वरून बैलगाडी जायची, पोरं विटीदांडू खेळायची,
आणि खाली अंधारात
हळद गप्प पडून असायची, वर्ष वर्ष.
आकड्यावरून मी असाच चालत होतो.
शंभर ओलांडले
आणि एकशे एकला पाय आत गेला.

एकशे एक. बाकी शून्य.
भागाकार नऊ हजार नऊशे एक.
तो फोडून बघायचीही गरज नव्हती,
शंभराच्या आतले सगळे
आधीच हात हलवत परत गेले होते.

म्हणजे एकशे एक वाटेकरी असते
तर शेठचा हिशेब चोख होता.
वाटेकरी दोनच.

चौथा दिवस. अमावास्या, बाजार बंद.
अंगणभर हळकुंडं मांडली, डोक्यातच.
हजार ओळी, ओळीत हजार,
चौकोन कसा रेखीव,
आणि एक हळकुंड बाहेर, उन्हात.
हे कुणालाही दिसतं.
मग ते सगळं मोडलं.
नऊशे ऐंशीचा एक चौकोन.
उरलेल्यांचा दुसरा, एकशे नव्व्याण्णवचा.
मोजलं. परत मोजलं.
एकही बाहेर नाही.
थोरला चौकोन, धाकटा चौकोन,
सारखे नाहीत,
पण दोन्ही पुरे.

हे मी दोघांना सांगायला गेलो.
थोरल्यानं विचारलं, मग कुणाला किती?
धाकट्यानं विचारलं, दिवाणजी, जेवलात का?

शेठ चौथी शिकलेले. त्यांना हे ठाऊक असणं
शक्य नाही, मी शपथेवर सांगेन.
पण रुमालाखाली समोरच्याची बोटं चाचपून
ते आकडा ओळखायचे
आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाहीत.

शेवटी पाच लाख इकडे, पाच लाख तिकडे.
रुपया टेबलावर राहिला.
थोरल्यानं धाकट्याकडे सरकवला,
धाकट्यानं परत सरकवला,
चहाच्या कपाला लागून तो वाजला.
मी उचलला. उचंत खात्यात टाकला.

ऑडिटरची दरवर्षी तीच कटकट,
एका रुपयासाठी पेढीची वही बंद होत नाही.
पाडव्याला मी तो नव्या वहीत ओढतो
पिवळ्या बोटांनी.
दोघं सही करायला येतात.
थोरला आधी तेच पान उघडतो.
धाकट्याला पान क्रमांक पाठ आहे.